टोपीवाल्याची बातमी

१

बेकरीवाले दार न वाजवता आत आले आणि म्हणाले, "माझ्या पिशव्या द्या."

मी उठलो आणि स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत. माझ्या समोरच्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं, पण त्या खुर्चीवर मी कुणाला बसवत नाही हे त्यांना पहिल्या भेटीतच कळलं होतं. त्यांच्या मिशीला मैदा लागला होता. दुकानातून तडक आले असावेत.

काय झालं, असं मी विचारलं.

"काय झालं ते तुम्ही मला सांगा. माझी आतली गोष्ट गल्लीभर झालीय."

ती आतली गोष्ट मला माहीत होती. बेकरीवाल्यांच्या दुकानावर 'पाव आमच्याच भट्टीतला' अशी पाटी आहे. पण त्यांची मोठी भट्टी बिघडून बरेच दिवस झाले होते. पाव शहराबाहेरच्या एका कारखान्यातून यायचा, मागच्या दारानं, गल्ली जागी व्हायच्या आत. मग तो बेकरीच्या कागदात गुंडाळला जायचा. हे बेकरीवाल्यांना माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं आणि त्यांची बिलं माझ्याकडे असल्यामुळे मला माहीत होतं. भट्टी दुरुस्त होईपर्यंत ही गोष्ट झाकून ठेवायची, असं त्यांनी मला त्या बिलांच्या पिशव्या देतानाच बजावलं होतं.

"सकाळी दोन बायका काउंटरवर आल्या," ते म्हणाले. "एक म्हणते, आम्हाला टोपीवाल्याचा पाव द्या. दुसरी तोंडाला पदर लावून हसतेय. मी विचारलं, टोपीवाला कोण? तर म्हणते, तुम्हीच मंगळवारी त्याच्याकडून बारा क्रेट घेतलेत की. आता हा टोपीवाला कोण ते मला ठाऊक नाही. पण मंगळवार बरोबर आहे. बारा क्रेटही बरोबर आहेत."

मी पुढे केलेलं स्टूल मागे घेतलं.

"शनिवारपर्यंत मुदत देतो. कुणी सांगितलं ते मला कळलं पाहिजे. नाहीतर पिशव्या नेईन, आणि का नेल्या ते बाजारात सांगेन."

ते गेले. त्यांची पावलं जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी उभाच होतो. मग बसलो. बेकरीवाल्यांना टोपीवाला कोण ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. आणि माझ्याशिवाय ते नाव जगात कुणालाच ठाऊक असायला नको होतं.

२

कारखान्याच्या बिलावर कोपऱ्यात एक छोटं चित्र आहे, उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचं. कारखान्याचं खरं नाव एवढं लांब आहे की बिलावर दोन ओळी जातात. म्हणून मी त्याला मनातल्या मनात टोपीवाला म्हणत होतो. ही खोड माझी नव्हे, हिची. ही म्हणजे माझी बायको. मी नोकरीला असताना हिशेब घरी घेऊन यायचो, आणि जेवणाचं टेबल पुसून आम्ही दोघं बसायचो. तेव्हा ही प्रत्येक व्यापाऱ्याचं एक टोपणनाव पाडायची. गोणपाटवाल्याला 'कुंभकर्ण', कारण त्याची बिलं महिना महिना उशिरा यायची. एका कागदवाल्याला 'नवरदेव', कारण त्याच्या सहीला फार नखरे होते.

नोकरी संपल्यावर हिशेब लिहून देण्याचा स्वतःचा धंदा काढायचा, हे हिनंच ठरवलं. ही खोली हिनं पाहिली. दोन खुर्च्या हिनं आणल्या. गिऱ्हाइकं आणायची हिनं आणि काम करायचं मी, असं आमचं ठरलं होतं, कारण ही दगडालाही बोलतं करायची आणि मी वाटेत दोन वाक्यं पाठ करून जातो ती दुकानाच्या पायरीवर विसरतो. पण पाटी लावायच्या आधीच ही गेली. पाटी मी एकट्यानं लावली. ती जरा तिरकी आहे.

त्यानंतर मी दुकान दुकान फिरलो. बहुतेकांनी पत्रक घेतलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला. एक बेकरीवाले मिळाले. मग हार्डवेअरवाले आणि लाँड्रीवाल्या बाई, दोघंही म्हणाले होते, कागद घेऊन येतो. आणि इथंच पहिल्यांदा काहीतरी बिनसलं होतं. हार्डवेअरवाल्यांना मी खिडकीतून येताना पाहिलं होतं. हातात पिशवी होती. ते इमारतीत शिरले. मी बिलं बाजूला सारली, स्टूल पुसलं, दाराकडे तोंड करून बसलो. बराच वेळ झाला तरी दार वाजलं नाही. शेवटी कंटाळून मी पुन्हा कामाला लागलो. नंतर खिडकीत गेलो तर ते पिशवी तशीच घेऊन रस्ता ओलांडत होते. लाँड्रीवाल्या बाईंचंही तेच झालं. जिना चढेपर्यंत त्यांना यायचं होतं, आणि माझ्या दाराशी आल्यावर नको होतं.

महिन्याची एक तारीख जवळ आली होती. गिऱ्हाईक नसेल तर खोली सोडा, असं घरमालकांनी गोड शब्दांत दोनदा सांगून झालं होतं. खोली गेली की धंदा गेला, आणि मग घरी एकटा नको म्हणून मुलगी मला तिच्याकडे नेणार. तिनं माझ्यासाठी एक कपाट रिकामं करूनही ठेवलं होतं. तिथं जाऊन मी काय करणार? नातवंडांच्या मोज्यांच्या जोड्या लावणार.

बेकरीवाले येऊन गेले त्या दिवशी मी हिच्या थोरल्या बहिणीला फोन केला. ताई विमा कंपनीत होत्या. लोकांनी केलेले नुकसानीचे दावे खरे की खोटे ते तपासायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्या तरी संशय घेण्याची सवय सुटलेली नाही. त्या दुसऱ्या दिवशी आल्या, पिशवी ठेवली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भावोजी, घसा का बसलाय तुमचा?"

"धूळ आहे खोलीत."

"दिवसभर बोलताय का कुणाशी?"

"कुणाशी बोलणार मी? दिवस दिवस तोंड उघडत नाही."

त्यांनी मान हलवली आणि कपाट कुणाचं, असं विचारलं. बेकरीच्या पिशव्या लोखंडी कपाटात होत्या. कपाट घरमालकांचं, खोलीबरोबरच आलेलं. खोलीची दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच.

संध्याकाळी निघताना ताईंनी आपल्या शिवणाच्या डबीतून काळा दोरा काढला. एक तुकडा कपाटाच्या दोन दारांना मिळून चिकटवला आणि दुसरा बाहेरून खोलीच्या दाराला, गुडघ्याच्या उंचीवर. "माणूस वाकून गुडघ्याकडे बघत नाही," असं त्या म्हणाल्या.

सकाळी आम्ही दोघं जिना चढून आलो. खोलीच्या दारावरचा दोरा तुटला होता.

३

मी घाईघाईनं कुलूप काढलं. ताईंनी मात्र घाई केली नाही. आत शिरल्या, कपाटापाशी गेल्या, चष्मा पुसला आणि पाहिलं. कपाटाचा दोरा जसाच्या तसा होता.

घरमालक तळमजल्यावर राहतात. आम्ही गेलो तेव्हा ते कुंडीला पाणी घालत होते. ताईंनी दोऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, "काल आमच्या खोलीत काही सापडलं का तुम्हाला?"

घरमालकांच्या हातातलं भांडं कुंडी सोडून त्यांच्याच पायावर रिकामं झालं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. माझ्या खोलीसमोरच दातांचा दवाखाना आहे. डॉक्टरीणबाईंना पेशंट बसवायला जागा नाही, म्हणून बाक बाहेर टाकलाय. माझी खोली रिकामी झाली तर त्या जास्त भाड्यानं घ्यायला तयार आहेत. म्हणून ते टेप घेऊन माप काढायला आले होते.

"माणूस आत काम करतोय आणि तुम्ही माप काढताय," ताई म्हणाल्या. "अजून गेला नाही तो."

घरमालकांनी ओशाळून माझ्याकडे पाहिलं. कपाटाला हातसुद्धा लावला नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. दोऱ्यावरून ते आम्हाला आधीच ठाऊक होतं. पण मला धीर आला नाही. कपाट एका रात्री उघडलं नाही म्हणून कधीच उघडलं नाही असं थोडंच आहे.

वर आलो. दवाखान्यात नंबर लावणाऱ्या बाईंचं टेबल जिन्याच्या तोंडाशीच असतं, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं ते त्यांना दिसतं. मी जेवायला जातो तेव्हा माझ्या खोलीत कुणी शिरतं का, असं ताईंनी त्यांना विचारलं.

कुणीही नाही, असं त्या बाई म्हणाल्या. बाजारातले जुने हिशेबनीस एकदा आले होते, पण काका आहेत का एवढं विचारून आल्या पावली गेले. मग ताई बाकावर टेकल्या आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागल्या. गर्दी फार असते का, लोक वाट बघून कावतात का, वगैरे.

"पूर्वी फार कटकट करायचे हो," बाई म्हणाल्या. "हल्ली नाही करत. परवा एका आजींचा नंबर आला तर म्हणाल्या, त्याला आधी जाऊ दे, मला घाई नाही. दाढ ठणकतेय आणि घाई नाही."

मला या गप्पांमध्ये काही अर्थ दिसत नव्हता. माझं लक्ष एकाच गोष्टीवर अडकलं होतं. जुने हिशेबनीस माझ्या दारापर्यंत कशाला आले होते?

४

जुन्या हिशेबनिसांकडे अर्ध्या बाजाराचं काम आहे. बेकरीही पूर्वी त्यांच्याकडेच होती. त्यांच्याच हातचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा राग असणार असं मी धरून चाललो होतो.

ते त्यांच्या घरी आरामखुर्चीत बसले होते. कवळी शेजारच्या पेल्यात होती. आम्हाला पाहून त्यांनी ती तोंडात घातली, मग बोलले. ताईंनी सरळच विचारलं, "टोपीवाल्याचं काय म्हणता?"

"कोण टोपीवाला?"

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, कामं कमी करायचीत, दोन-चार गिऱ्हाइकं मला द्यावीत म्हणून ते वर आले होते, असं त्यांनी सांगितलं. मी उभ्या उभ्या लाजलो. निघताना ते मला म्हणाले, "आपल्या धंद्यात माणूस फार हुशार नसला तरी चालतं. पण तोंडाचा घट्ट लागतो. बाजारात काय काय कानावर येतंय तुमच्याबद्दल. ते निस्तरा आधी, मग बोलू."

म्हणजे बाजारात माझं नाव निघालं होतं. शनिवार उजाडायच्या आधीच.

हार्डवेअरवाले दुकानात एका हातानं खिळे तोलत होते आणि दुसरा हात गालावर होता. मला पाहताच त्यांनी मागे वळून बरण्या सारख्या केल्या. आमचं नंतर बघू, असं म्हणाले. टोपीवाल्याचं कुठं ऐकलंत, असं ताईंनी विचारलं तेव्हा ते खिळ्यांकडे बघत म्हणाले, "सगळेच म्हणतात."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगितलं असं कुणी नाही." एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

लाँड्रीवाल्या बाई इस्त्री बाजूला ठेवून कोमट पाणी पीत होत्या. डाव्या बाजूनं चावायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, म्हणून त्या बोलतानाही एका बाजूनं बोलत होत्या. मला त्यांनी बाकड्यावर बसवलं. आवाज खाली आणून, आजारी माणसाशी बोलावं तसं विचारलं, "काका, तुम्ही जेवता ना वेळेवर? घरी कुणी असतं का सोबत?"

मी हो म्हणालो. त्यांना बरं वाटावं म्हणून. मग मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या मला चोर समजत नव्हत्या. काहीतरी वेगळंच समजत होत्या.

रस्त्यात मी ताईंना म्हणालो, की पाव आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनंच हे पसरवलं असेल.

"ड्रायव्हर टोपीवाला कशाला म्हणेल? तो आपल्या मालकाचं नाव घेईल. हे नाव तुमच्या डोक्यातलं आहे. कुठं लिहिलंय ते?"

कुठंही नाही, मी म्हणालो. कॉम्प्युटरवरसुद्धा मी खरंच नाव भरतो.

"मग कपाट कुणी उघडलं आणि किल्ली कुणाकडे आहे याला काही अर्थच राहत नाही. कागद वाचून हे नाव मिळत नाही." त्या चार पावलं चालल्या. "बेकरीच्या पिशव्यांत आणखी काय आहे? जे फुटलं तर गल्लीला चघळायला मिळेल असं?"

मी आठवलं. पगाराचे कागद होते. बेकरीवाल्यांनी आपल्या मेहुण्याला कामावर दाखवलं होतं आणि तो महिन्यातून एकदा तोंड दाखवायचा. ते फुटलं असतं तर पावापेक्षा मोठा तमाशा झाला असता.

"ते फुटलं का?"

"नाही."

"का नाही?"

"ते मी अजून तपासायला घेतलेलंच नाही. मी अजून पावाच्या बिलांवरच आहे."

ताई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, तरी हलल्या नाहीत. मग माझा दंड धरून त्यांनी मला कडेला घेतलं.

"उद्या शुक्रवार," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोजच्यासारखं काम करा. दार लावून. मी बाहेर आहे असं समजा. आणि भावोजी, आज झोप नाही आली तरी पडून राहा."

५

शुक्रवारी मी दार लावून बसलो. ताई कुठं गेल्या ते मला माहीत नव्हतं. बिलांचा गठ्ठा डावीकडे, कॉम्प्युटरवरून काढलेला कागद समोरच्या खुर्चीपुढे, असा मी रोज मांडतो तसाच मांडला. काम सुरू केलं. कामात शिरलं की मला बरं वाटतं. शनिवार, बाजार, घरमालकांची टेप, सगळं मागे पडतं.

मधूनच दार वाजलं. दवाखान्यातल्या बाई होत्या. हातात चहाचे दोन कप.

"तुमच्या पाहुण्या म्हणाल्या, काकांना चहा द्या. मी म्हटलं एक कशाला, आतल्या माणसालाही देऊ."

"आतल्या कुठल्या माणसाला?"

बाईंनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. खोली एवढीशी आहे. लपायला कपाटाशिवाय जागा नाही. त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं तुम्ही मदतीला कुणी ठेवलंय," असं पुटपुटून त्यांनी दोन्ही कप माझ्या हातात दिले आणि निघून गेल्या.

मी दोन कप घेऊन उभा राहिलो. आता मात्र मला भीती वाटायला लागली. बेकरीवाल्यांची नाही, दुसरीच.

तेवढ्यात ताई आत आल्या. त्यांच्या गालाला रुमाल बांधला होता. तो त्यांनी सोडला. हातात दवाखान्याच्या नंबरची चिठ्ठी होती आणि तिच्यामागे पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि वाचायला लागल्या.

"टोपीवाला, बुधवार, लहान पाव दहा क्रेट. थांबले. लागला, पुढे. टोपीवाला, बुधवार, मोठा पाव चार क्रेट. थांबले. नाही लागत? परत बघ. मोठा पाव, चार. थांबले. लागला. हं, पुढे."

"हे तुम्हाला कुठं मिळालं?"

"दातांच्या बाकावर. तुमच्या दाराला लागूनच आहे तो. आणि दाराच्या वरची जाळी उघडी आहे."

"कोण वाचत होतं?"

ताईंनी चिठ्ठीची घडी घातली. त्यांनी माझ्या हातातले कप घेऊन खाली ठेवले.

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

६

मी नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. माझा आवाज बसलेला होता आणि तो मलाच ऐकू येत होता.

ताईंनी मला वेळ दिला. मग एक एक गोष्ट पुढे ठेवली, नुकसानीचा दावा तपासावा तशी. टोपीवाला हे नाव कागदावर नाही, म्हणजे ज्यानं पसरवलं त्यानं वाचलं नाही, ऐकलं. जेवढं मी तपासलं होतं तेवढंच फुटलं आणि पगाराच्या कागदांतलं काही फुटलं नाही, म्हणजे ऐकणारा माझ्या कामाबरोबर चालत होता. हार्डवेअरवाल्यांचा गाल, लाँड्रीवाल्या बाईंची डावी बाजू. ज्यांना बातमी माहीत होती त्या सगळ्यांचे दात दुखत होते. ज्यांच्या तोंडात कवळी आहे, ज्यांना त्या बाकावर बसायची गरजच नाही, त्या एकट्या जुन्या हिशेबनिसांना टोपीवाला माहीत नव्हता. पेशंट हल्ली कावत नाहीत, कारण वाट बघताना करमणूक असते. हार्डवेअरवाले कागद देता देता दातही दाखवू म्हणून आधी बाकावर बसले आणि त्यांनी दुसऱ्याच्या दुकानाचा हिशेब दारातून ऐकला. उद्या आपलाही असाच वाचला जाईल, हे कळायला त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. लाँड्रीवाल्या बाईंनी आणखी एक गोष्ट ऐकली. मी दोन माणसांचं बोलतो आणि दुसऱ्याचा आवाज येत नाही.

"पहिल्याच दिवशी तुमचा घसा ऐकून मला समजायला हवं होतं," ताई म्हणाल्या.

मग मला दिसलं. टेबलावर दिसलं. तपासायचा कागद मी समोरच्या खुर्चीपुढे ठेवला होता. त्यावर लाल पेन्सिल ठेवली होती. आमची पद्धत तीच होती. मी बिल वाचायचो, ही कागदावर रक्कम शोधायची, खूण करायची आणि म्हणायची, लागला. तिनं लागला म्हटल्याशिवाय मी पुढचं बिल उचलायचो नाही. वर्षानुवर्षं तसंच. आता मी वाचत होतो, थांबत होतो, मग हात लांब करून उलट्या कागदावर स्वतःच खूण करत होतो आणि लागला म्हणत होतो. हे मी करतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी गप्प बसून काम करतो.

"मी थांबतो का मध्ये?" मी विचारलं. "नक्की?"

"थांबता. प्रत्येक वेळी." ताईंचे डोळे भरून आले होते. हिच्यासारखेच डोळे आहेत त्यांचे. "मी जाळी बंद करून जाईन. पण जाळी बंद करून भागायचं नाही, भावोजी."

ते मलाही कळत होतं.

शनिवारी मी बेकरीवाल्यांची वाट बघत बसलो नाही. पिशव्या दोन्ही हातांत घेऊन मीच गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली नाहीत. काउंटरवर कुणी नव्हतं तेव्हा सांगितलं. किल्लीवर किंवा कुणाच्या चोरीवर ढकललं नाही. मी मोठ्यानं वाचतो, बायकोला वाचून दाखवायचो तसं, आणि ती नाही, असं सांगितलं.

बेकरीवाले बराच वेळ मैद्याच्या डब्यावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "पिशव्या ठेवा इथं. मी दुसरं कुणीतरी बघतो."

"बाजारात काय सांगणार?"

"काय सांगू? बायकोशी बोलत होता म्हणून सांगू?" ते मागे वळले आणि भट्टीच्या दिशेनं गेले. थोड्या वेळानं बाहेर आले तर मी तिथंच उभा होतो. "जा आता. माझं नुकसान झालंय, पण तुमची बदनामी करून ते भरून निघणार नाही."

एकुलतं एक गिऱ्हाईक गेलं. तिथून मी लाँड्रीत गेलो आणि हार्डवेअरच्या दुकानात गेलो, आणि तेच सांगितलं. लाँड्रीवाल्या बाई रडल्या आणि विचार करून सांगते म्हणाल्या. हार्डवेअरवाले गालावर हात ठेवून ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. त्या दिवशी मी एक रक्कम पाच-सहा वेळा वाचत होतो, लागत नव्हती, ती शेवटी लागली का? आत जायचा नंबर आला म्हणून त्यांना शेवट ऐकायला मिळाला नव्हता.

लागली, मी म्हणालो. त्या बिलात कारखान्याचीच चूक होती.

ते हं म्हणाले. मग पुन्हा खिळे तोलायला लागले.

ताई रविवारी गेल्या. जाताना स्टुलावर चढून त्यांनी जाळीला पुठ्ठा ठोकला. एक तारखेचं भाडं मी पदरचं भरलं. घरमालकांनी पैसे घेतले आणि पुढच्या महिन्याचं काय, असं विचारलं नाही. ओशाळलेला माणूस थोडे दिवस बरा वागतो. मुलीचा फोन आला, तिला मी सांगितलं की अजून नाही.

मग एका सकाळी जिन्यावर पावलं वाजली. दवाखाना उघडायचा होता, म्हणजे पेशंट नव्हे. पावलं बाकापाशी थांबली. मी श्वास रोखला. खोलीत आवाज नव्हता. माझं तोंड बंद होतं, मी ओठांवर बोट ठेवून खात्री केली.

दार वाजलं.

हार्डवेअरवाले होते. पिशवी होती, तीच. मी घाईघाईनं स्टुलाकडे वळलो, पण त्याची ताईंच्या वजनानं एक फळी निघाली होती. ते पिशवी छातीशी धरून उभे राहिले. समोरच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. तिच्यावर मी कुणाला बसवत नाही, हे बेकरीवाल्यांनी त्यांना सांगितलं असणार.

मी खुर्चीपुढची लाल पेन्सिल उचलली आणि माझ्या बाजूला ठेवली.

"बसा," मी म्हणालो. "खुर्ची आहे ना."